गुरुवारचं नाटक, शुक्रवारचा वाद

दारासुरम्‌च्या रस्त्याला, कुंभकोणम्‌जवळ, रेशीम विणकरांची एक सहकारी सोसायटी होती. तिथे टायपिस्ट म्हणून मी लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. कचेरीत त्याआधी एकही बाई नव्हती. माझ्यासाठी म्हणून टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. कोणी ये-जा केली तरी मला संकोच वाटू नये हा हेतू. आठवडाभर मी भिंतीशी टाइप केलं, मग एके सकाळी लवकर येऊन टेबल फिरवून घेतलं.

कचेरी लहान होती. सेक्रेटरी आतल्या खोलीत बसत आणि त्यांचा आवाज दिवसातून दोनदा बाहेर येई. बाहेर आम्ही चौघं. हेडक्लार्क निवृत्तीला आलेले होते, पानाचा डबा कायम हाताशी, आणि प्रत्येक गोष्टीला नियम असतो यावर त्यांची श्रद्धा. स्टोअरकीपर तिशीचा, रेशमाच्या लडी वजन करून विणकरांना द्यायचं त्याचं काम. त्याच्या जिभेला मात्र वजन नव्हतं. तिसरा शिपाई. तरुणपणी तो नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरला होता, म्हणून कोणाचाही आवाज हुबेहूब काढी. त्याला सगळे अण्णा म्हणत. आणि चौथी मी.

मला नोकरी मिळाली ती तमिळ टाइपरायटरमुळे. सरकारी कारभार हळूहळू तमिळमधून होऊ लागला होता आणि सोसायटीने नवं यंत्र आणलं होतं, पण ते चालवणारं माणूस मिळेना. मी इंग्रजीबरोबर तमिळची परीक्षाही दिली होती. पहिल्या दिवशी हेडक्लार्कांनी माझा अर्ज वाचून विचारलं, "घरी मराठी बोलता ना, अम्मा?"

"हो, सार."

"मग तमिळ?"

"शाळेत तमिळच शिकले, सार. बाजारातही तमिळच बोलते."

त्यांनी मान हलवली, पण शंका काही गेली नाही. तंजावूरच्या मराठा राजांबरोबर आलेल्या घरांपैकी आमचं एक. घरातली मराठी अडीच-तीनशे वर्षं जुनी, तिच्यात निम्मी तमिळ मिसळलेली. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी आईचं बोलणं ऐकून 'पोथी ऐकल्यासारखं वाटतं' असं म्हटलं होतं. इकडे तमिळ लोक म्हणत, यांना आमचा तो, यांच्या ळहून वेगळा, जीभ आणखी मागे वळवून म्हणायचा ळ कधी जमायचा नाही. दोन्हीकडून आम्ही थोडे थोडे बाहेरचे. मला तो ळ जमत होता, आणि टाइपरायटरवर तो कुठल्या बोटाखाली येतो हे डोळे मिटूनही माहीत होतं.

त्या दिवसांत दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर अर्ध्या तासाचं एक तमिळ विनोदी नाटक लागे. सगळं एकाच कचेरीत घडायचं. मॅनेजर, हेडक्लार्क, दोन कारकून, गोदामवाला, शिपाई आणि एक टायपिस्ट मुलगी, एवढीच माणसं. दर आठवड्याला नवा घोटाळा. आमच्या गल्लीत एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे रेडिओ होता. बायका आत माजघरात बसत, पुरुष बाहेर ओट्यावर, आणि रेडिओ मधल्या खिडकीत, दोघांना ऐकू जाईल असा. हेडक्लार्क आपल्या जावयाकडे ऐकत. स्टोअरकीपर आणि अण्णा नगरपालिकेच्या बागेत, तिथे कर्ण्यातून रेडिओ लावत आणि माणसं गवतावर बसून ऐकत.

शुक्रवारी दुपारी डबे उघडले की वाद सुरू व्हायचा. आदल्या दिवशीचा भाग चांगला की वाईट यावरून निघालेली गोष्ट महिन्याभरापूर्वीच्या भागापर्यंत जाई. अण्णा दहीभात कालवता कालवता प्रसंग पुन्हा करून दाखवी, म्हणजे कोणी चुकीचं आठवून वाद जिंकू शकत नसे.

हेडक्लार्कांच्या मते सर्वांत उत्तम भाग फायलीचा. वरिष्ठ कचेरीतून पत्र येतं, 'आपल्याकडे फायली नीट ठेवल्या जातात का, कळवावे.' आणि त्या पत्राची फाइल अख्खा दिवस सापडत नाही. "हे लिहिणारा माणूस कचेरीत बसलेला आहे," ते म्हणत. "बाहेरच्याला हे सुचणार नाही."

स्टोअरकीपरला निरोपसमारंभाचा भाग आवडे. म्हातारा कारकून निवृत्त होतो, हार घातले जातात, भाषणं होतात, आणि भाषणं चालू असतानाच बाकीचे त्याची खुर्ची, त्याचा पंखा, खिडकीजवळची त्याची जागा कुजबुजत वाटून घेतात. तेवढ्यात तार येते, याला एक वर्षाची मुदतवाढ. मग काही क्षण रेडिओवर कोणीच बोलत नाही. आणि म्हातारा हळूच म्हणतो, "मग मी बसू कुठे?"

"त्या गप्प राहण्याला हसू आहे," स्टोअरकीपर म्हणायचा. "वाक्याला नाही. बागेत दोनशे माणसं गप्प झाली होती."

अण्णाचं मत ठरलेलं. मॅनेजर आणि हेडक्लार्क यांचं भांडण होऊन बोलणं बंद होतं, आणि शिपाई एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेताना त्यातल्या शिव्या वाटेत काढून टाकतो. शेवटी दोघांचा समेट होतो आणि दोघंही शिपायालाच ओरडतात. "हे खरं आहे," अण्णा एवढंच म्हणे, आणि आम्ही तिघं जरा वेळ भाताकडे बघत बसायचो.

मीही वाद घालू लागले होते. सुरुवातीला विचारलं तरच बोले, मग न विचारता. कुठल्या भागाचा शेवट घाईत उरकला, कुठे एकच विनोद तीनदा आला, हे मला चटकन कळे, आणि आपल्याला ते कळतं हेही मला त्या टेबलावरच समजलं.

मग तो खोकल्या-शिंकांचा भाग आला. मॅनेजरला पडसं झालेलं असतं. तो टायपिस्टला महत्त्वाचं पत्र सांगतो आणि ती मुलगी तो जे जे बोलेल ते सगळं टाइप करते. 'आपले पत्र मिळाले, आक् छी, खिडकी लाव गं, त्याबाबत कळविण्यात येते की, कुठे गेला माझा रुमाल.' पत्र तसंच वरिष्ठांकडे जातं. पोस्टमास्तरांच्या ओट्यावरचे पुरुष इतके हसले की पुढची वाक्यं ऐकू आली नाहीत. माजघरातल्या बायकाही हसल्या. आईसुद्धा हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कंडक्टरने तिकीट देताना एक शिंक काढली. कचेरीत पोचले तर स्टोअरकीपर वाटच बघत होता. त्याला रेशमाच्या पुरवठ्याबद्दल पत्र लिहायचं होतं. तो उभा राहून सांगू लागला, मध्येच शिंकला, रुमाल मागितला, खिडकी लावायला सांगितली. अण्णाने तोंड फिरवलं, हेडक्लार्क पान लावता लावता खांदे हलवत होते. मी टाइप करत राहिले. कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यात शिंक नव्हती, रुमाल नव्हता.

"आणि एक," मी म्हटलं, "तुम्ही चाळीस गाठोडी म्हणालात. तुमच्या रजिस्टरात काल चौदा होती. मी चौदा घातलीत. चाळीस हवी असतील तर पुन्हा करून देते."

त्याने रजिस्टर उघडून पाहिलं. मग कागदावर सही केली आणि गोदामात गेला. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. पण रागही गेला नव्हता. ती रेडिओवरची मुलगी माझ्या आधीच सगळ्या गावाने ऐकली होती. मी पुढे कुठेही गेले तरी लोक तिला ओळखूनच मला ओळखणार होते.

थोड्या आठवड्यांनी नाटकाला वर्ष पूर्ण झालं. निवेदकाने सांगितलं की श्रोत्यांनी आपल्याला सर्वांत आवडलेला आणि सर्वांत न आवडलेला प्रसंग लिहून कळवावा, निवडक पत्रं वाचली जातील. शुक्रवारी हेडक्लार्कांनी डबा उघडण्याआधीच जाहीर केलं, "आपल्या कचेरीचं एकच पत्र जाईल. मतं घेऊ."

तीन दिवस दुपारची सुट्टी त्यात गेली. वाईट प्रसंगावर लवकर एकमत झालं. मॅनेजरच्या मुलीच्या लग्नाचा भाग. सगळे लग्नाला जातात आणि अर्धा तास नुसती जेवणावळ. "कचेरी सोडून ही माणसं बाहेर गेली की ती कोणीही होतात," स्टोअरकीपर म्हणाला, आणि ते अगदी बरोबर होतं.

उत्तम प्रसंगावर मात्र अडलं. तिघांच्या तीन आवडी, कोणी हटेना. शेवटी हेडक्लार्कांनी तोडगा काढला की प्रत्येकाने आपली दुसरी पसंती सांगावी. तिघांचीही दुसरी पसंती एकच निघाली, शिंकांचं पत्र.

"तुमचं, अम्मा?" त्यांनी मला विचारलं.

"तो सर्वांत वाईट प्रसंग आहे, सार. लग्नापेक्षाही."

स्टोअरकीपर म्हणाला, "तुम्ही टायपिस्ट आहात म्हणून तुम्हाला लागतं. मी काय गोदामवाल्याच्या विनोदावर रागावतो?"

"गोदामवाला लोभी आहे, आळशी आहे, म्हणून हसू येतं," मी म्हटलं. "माणसं तशी असतात. ही मुलगी कोण आहे? तिचा स्वभाव काय? तिला काहीच कळत नाही एवढंच तिचं काम. तसं माणूस मी पाहिलेलं नाही."

"पण हसायला आलं की नाही?" अण्णाने विचारलं. तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता.

मी विचार करून म्हटलं, "शिंकेला आलं. मुलीला नाही."

हेडक्लार्कांनी पानाचा डबा बंद केला. "तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर. पण मत वेगळं असेल तर ते नोंदवायचा हक्क आहे. भिन्नमतपत्रिका ठरावाला जोडूनच जाते, असा नियम आहे. तुम्ही लिहा."

त्यांनी हे गमतीने म्हटलं असेल किंवा नसेल. मी ते नियम म्हणूनच घेतलं.

आधी कचेरीचं पत्र टाइप केलं. शिंकांचा प्रसंग का उत्तम हे हेडक्लार्कांनी सांगितलं ते शब्दाला शब्द, एक अक्षर कमी न करता. माझ्या मनाविरुद्ध होतं, म्हणून तर जास्तच काळजी घेतली. मग खाली रेघ मारून माझं लिहिलं. बरंचसं अजून आठवतं. 'या नाटकातल्या प्रत्येकाची फजिती त्याच्या स्वभावातून होते. टायपिस्टची तेवढी अज्ञानातून होते. सांगणाऱ्याच्या तोंडून निघालेलं सगळं पत्रात येत नाही, याचं कारण मध्ये एक माणूस बसलेलं असतं. लेखकाने एकदा त्या माणसाकडे पाहावं. तिथे विनोद कमी नाहीत, उलट जास्त आहेत, कारण कचेरीतलं सगळं तिला आधी कळतं.' खाली नाव न घालता 'टायपिस्ट' एवढंच लिहिलं.

पाकीट बंद करायच्या आत सेक्रेटरींनी मला आत बोलावलं. कचेरीच्या कागदावर खाजगी पत्र टाइप केलं म्हणून आता ऐकावं लागणार अशी माझी खात्री झाली. त्यांनी कागद मागून घेऊन दोन्ही मजकूर वाचले. चष्मा काढला.

"हे खालचं तमिळ कोणाचं?"

"माझंच, सार."

"कोणी तपासलं नाही?"

"नाही, सार."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "उत्तम प्रसंग निरोपसमारंभाचा. तार येते तो. माझंही एक मत घाला. सेक्रेटरी म्हणून नाही. एक श्रोता म्हणून."

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा स्टोअरकीपर खुर्चीतून उठलाच. वर्षभर आम्ही आवाज दाबून भांडत होतो, आणि सेक्रेटरी दाराआडून सगळं ऐकत होते. पत्र पुन्हा टाइप करावं लागलं. ते मी आनंदाने केलं.

पत्रांचा भाग लागला त्या संध्याकाळी पोस्टमास्तरांकडे नेहमीपेक्षा गर्दी होती. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. वाचलं नाही तर उगाच हसं नको. कोइम्बतूरचं पत्र झालं, मदुरेचं झालं, आणि मग निवेदक म्हणाला, "कुंभकोणम्‌जवळच्या एका कचेरीतून आलेलं हे पत्र टाइप केलेलं आहे. तमिळमध्ये. दोन पानांत एकही खाडाखोड नाही. आमच्या कचेरीत ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं." मग त्याने कचेरीची मतं वाचली, आणि रेघेखालचं माझं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर म्हणाला, "या टायपिस्टबाईंचं पत्र लेखकांनी स्वतःकडे ठेवून घेतलं आहे."

माजघरात एकेक बाई माझ्याकडे वळली. कुंभकोणम्‌जवळच्या कचेरीत टाइप करणारी बाई त्यांच्या माहितीत एकच होती. आईने हळूच विचारलं, आमच्या घरच्या मराठीत, "तू गं?"

मी मान हलवली. तिने माझा हात धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. एवढ्या बायकांत ती असं कधी करत नसे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेर ओट्यावर होते. ते शाळेत गणित शिकवायचे. माझ्या नोकरीला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण हो असंही कधी म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगत, "मुलगी टायपिंग शिकते." वर्ष होत आलं तरी मी त्यांच्या तोंडी शिकतच होते. घरी आल्यावर त्यांनी पत्राची कार्बन प्रत मागितली. कंदिलाजवळ नेऊन वाचली, मुलांच्या वह्या वाचत तशी, पेन्सिल हातात धरून. पेन्सिल कुठेच टेकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. वाटेत त्यांचे एक शिक्षकमित्र भेटले आणि त्यांनी माझी चौकशी केली.

"कामाला जाते," अप्पा म्हणाले. "विणकरांच्या सोसायटीत. तमिळ विभाग हिच्याकडे आहे."

विभाग वगैरे काही नव्हता. एक यंत्र होतं आणि मी होते. पण मी ते दुरुस्त केलं नाही.

नाटकाचं दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा टायपिस्ट बदलली होती. ती आता चुकत नव्हती. कधीच चुकत नव्हती. तीन भाग ती नेटकं बोलली, नेटकं वागली आणि इतकी कंटाळवाणी झाली की ती आली की ओट्यावरचे लोक पाणी प्यायला उठत. चौथ्या शुक्रवारी हेडक्लार्क मला म्हणाले, "अम्मा, तुम्ही तिला शहाणं केलंत. पण हसू गेलं."

मी कबूल केलं की हे भाग वाईट आहेत, आणि का वाईट आहेत तेही सांगितलं. लेखकाने तिची चूक काढून घेतली होती, पण तिच्या जागी काही ठेवलं नव्हतं. स्टोअरकीपरला मी पुन्हा पत्र लिहीन असं वाटलं. मी लिहिलं नाही. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, पुढचं काम त्या माणसाचं होतं.

त्याने ते केलं. सहाव्या भागात वरून खुलासा मागवलेला असतो आणि मॅनेजर लांबलचक उत्तर सांगतो. परिस्थिती, अडचणी, आपली नम्र सेवा, पावसाळा, कर्मचाऱ्यांची प्रकृती. टाइपरायटरचा आवाज मात्र अगदी थोडा येतो आणि थांबतो. मॅनेजर म्हणतो, "वाचून दाखव." ती वाचते, "काम झालेलं नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीच्यात तुम्ही काही म्हटलं नव्हतं, सार."

त्या संध्याकाळी माजघरात आधी मी हसले. बाकीच्या माझ्यामागून. दुसऱ्या दिवशी अण्णाने तो प्रसंग दोन्ही आवाजांत करून दाखवला, आणि सेक्रेटरी दार उघडून चौकटीत उभे राहून बघत होते. हेडक्लार्कांनी मतं घ्यायची म्हटलं, पण हात वर करायची गरज पडली नाही. माझ्या पत्रामुळेच तो प्रसंग लिहिला गेला असं मी कधी म्हणत नाही. शेकडो पत्रं आली असतील. पण तो ऐकताना मी मनात म्हटलं, ही मला ओळखीची आहे.

त्याच वर्षी सोसायटीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा तमिळमध्ये करायचं ठरलं. तोवर तो इंग्रजीत असे आणि सभेत कोणीतरी त्याचा सारांश सांगे. हेडक्लार्कांनी इंग्रजी मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "भाषांतर करू नका, अम्मा. विणकरांना कळेल असं लिहा." मी बारा दिवस घेतले. रेशीम, रंग, माग, कुठल्या गल्लीत काय अडलं, कशाची तक्रार आली आणि तिचं काय झालं, सगळं त्यांच्या रोजच्या शब्दांत.

सभा सोसायटीच्या अंगणात भरली. अहवाल वाचायचं काम अण्णाकडे दिलं, कारण त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचे. मी खांबाजवळ उभी होते. वाचन चालू असताना विणकर माना डोलवत होते, एका ठिकाणी दोघं-तिघं 'असं नाही झालं' म्हणून उठलेही, आणि त्यावर खरी चर्चा झाली. आधीच्या वर्षांत कोणी असं उठलं नव्हतं, कारण काय वाचतात हेच कळत नसे. संपल्यावर दारासुरम्‌चा एक वृद्ध विणकर पुढे आला आणि त्याने हेडक्लार्कांना विचारलं, "हे कोणी लिहिलं? आमच्यातलं कोणी?"

हेडक्लार्क माझ्याकडे वळले. "ह्यांनी," ते म्हणाले. "आमच्या कचेरीतल्या."

म्हाताऱ्याने मला नीट पाहून घेतलं आणि हात जोडले. मग रंगवलेल्या रेशमाला या वर्षी उशीर का झाला, ते पान पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मी खांबाजवळून पुढे आले आणि वाचलं.